विज्ञानाची जाहीर व्याख्यानं आणि कार्यक्रम: सहा वर्षांचा अनुभव आणि एक विनंती

गेली सहा वर्षं मी विज्ञानाचे जाहीर कार्यक्रम जमेल तसे अटेंड करतेय. व्याख्यानं, प्रयोगांचे शो, दुर्बिणीतून आकाशदर्शन, सायन्स फेस्टिव्हल, छोट्या गप्पा, सगळं धरून चाळीसच्या वर झाले असतील आणि त्यातल्या निम्म्यांना तरी आई सोबत होती. मी कॉमर्सवाली, आईचं शिक्षण सातवीपर्यंत, म्हणजे "सर्वांसाठी खुले" असं लिहून ज्यांना बोलावतात ती माणसं आम्हीच. मोबाइलचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात पण अशा कार्यक्रमांना जावं का, गेलं तर काय बघावं, हे कोणी लिहीत नाही म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू. आधीच सांगते की मला हा सगळा प्रकार मनापासून आवडतो आणि जा असंच मी सांगणार आहे. पण एका गोष्टीचा मला खरंच राग येतो, ती म्हणजे प्रश्नोत्तरांच्या वेळेवर मारलेली कात्री.

आधी तो प्रसंगच सांगते. गुरुत्वीय लहरींवर व्याख्यान होतं. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाली, त्यातून निघालेली लहर साधारण १३० कोटी वर्षं प्रवास करून १४ सप्टेंबर २०१५ ला पृथ्वीवरून गेली आणि अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी ती पकडली. प्रत्येक ठिकाणी काटकोनात ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, आणि लहर जाताना त्या लांबीत जो फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाच्या जेमतेम काही हजारांश. आता हे असं एका दमात ऐकलं तर कोणाच्याही डोक्यावरून जाईल, पण वक्ते फार चांगले होते, त्यांनी आम्हाला हाताला धरून खाली उतरवलं. म्हणाले डोक्यावरचा एक केस घ्या, त्याच्या जाडीचे दहा लाख भाग करा, एक भाग म्हणजे साधारण एक अणू, आता त्या अणूचे लाख भाग करा, तो झाला ढोबळमानाने प्रोटॉन, आणि आता त्याचे पुन्हा हजार करा. हॉलमध्ये एकदम शांतता. आई माझा हात धरून बसली होती.

मग त्यांनी तो प्रसिद्ध आवाज ऐकवला, खालच्या सुरातून झपकन वर चढणारा, सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा धड नाही. आई माझ्या कानात म्हणाली, "अगं, वर हवा नसते असं मागच्या वेळी सांगितलं होतं ना, मग हा आवाज आला कुठून?" मी म्हटलं आई हाच प्रश्न विचार, शेवटी वेळ देतात. तिने मान डोलावली आणि पुढचा अर्धा तास ती तो प्रश्न मनात घोळवत बसली असणार, कारण एरवी ती काहीतरी पुटपुटते, तेव्हा गप्प होती.

शेवट आला तेव्हा सूत्रसंचालकांनी जाहीर केलं की वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ. कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाला होता, वक्त्यांची ओळख करून देण्यात पंचवीस मिनिटं गेली होती, ती सगळी वजाबाकी इथून झाली. पहिला माइक एका गृहस्थांना मिळाला, ते चार मिनिटं स्वतःचं मत सांगत होते, त्यात प्रश्न नव्हताच. दुसरा कोणीतरी वक्त्यांच्या ओळखीचाच. आईचा हात वर होता. मग आभार सुरू झाले.

बाहेर जिन्यात आम्ही थांबलो. वक्ते खाली आले तेव्हा मी म्हटलं सर, आईला काहीतरी विचारायचंय. ते तिथेच पायरीवर थांबले आणि तिला समजावलं की तुम्ही म्हणता ते बरोबर आहे मावशी, तिथून आवाज आलाच नाही, ती लहर म्हणजे अवकाशाचंच ताणणं आणि आखडणं असतं, त्याला हवा लागत नाही. फक्त ते ताणणं-आखडणं सेकंदाला ३५ वेळांपासून सुरू होऊन २५० वेळांपर्यंत गेलं, आणि आपला कान नेमकी तेवढ्या वेगाची थरथर ऐकू शकतो, म्हणून यंत्राने टिपलेला आलेख आम्ही तसाच स्पीकरला जोडला. म्हणजे ऐकलंत तो स्पीकरचा आवाज, पण चाल मात्र त्या लहरीची. आई म्हणाली "हां, म्हणजे चाल खरी." ते हसले आणि म्हणाले हा प्रश्न आत विचारला असतात तर बरं झालं असतं, निम्म्या हॉलला वाटलं असणार की अवकाशातून आवाज ऐकू आला.

तेव्हापासून मी कुठल्याही कार्यक्रमाला गेले की घड्याळ बघते. बोलणं किती वेळ, प्रश्न किती वेळ. आणि माझं ठाम मत झालंय की बाकी सगळं कितीही भारी असलं तरी प्रश्नांना निदान एक तृतीयांश वेळ नसेल तर कार्यक्रम अर्धवट राहिला.

वेळेचं म्हणाल तर ही काही नवीन तक्रार नाही. मायकेल फॅरडे एकवीस वर्षांचा असताना, १८१३ साली, त्याने बेंजामिन ॲबट नावाच्या मित्राला व्याख्यान कसं असावं यावर लांबलचक पत्रं लिहिली होती. त्यात हॉलमध्ये हवा खेळती हवी, लोकांना आत-बाहेर करायला सोय हवी इथपासून ते बोलणाऱ्याने कसं उभं राहावं, प्रयोगाचं सामान कसं मांडावं इथपर्यंत सगळं आहे, आणि व्याख्यान एका तासापेक्षा लांबवू नये हेही आहे. हा मुलगा त्याआधी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. कोणीतरी तिकीट दिलं म्हणून १८१२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकायला गेला, नोट्स काढल्या, त्या सुबक बांधून डेव्हीलाच पाठवल्या आणि पुढच्या वर्षी तिथे मदतनीस म्हणून लागला. म्हणजे विजेची मोटर, जनित्र ज्याच्या कामातून आलं तो माणूस विज्ञानात आला तो एका जाहीर व्याख्यानमालेच्या दारातून. त्याच संस्थेत १८२५ पासून मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू झाली, फॅरडेने स्वतः १९ वर्षं ती दिली, दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं सोडली तर ती अजून चालू आहेत. जगदीशचंद्र बोसांनी आपलं विद्युतलहरींचं काम १८९७ च्या जानेवारीत तिथल्याच शुक्रवारच्या संध्याकाळच्या व्याख्यानात दाखवलं होतं. मला हे वाचल्यावर खुर्चीत बसून ऐकण्याबद्दल वेगळाच आदर वाटायला लागला, की बाबा इथे मागच्या रांगेत कोण बसलंय काही सांगता येत नाही.

बरं आता प्रयोगांबद्दल, कारण बहुतेक लोक मुलांना घेऊन जातात ते त्यासाठीच.

फॅरडेची मेणबत्तीवरची व्याख्यानं प्रसिद्ध आहेत, एकदा १८४८ ला आणि पुन्हा १८६० च्या नाताळात, पूर्ण मालिका फक्त मेणबत्ती का आणि कशी जळते यावर. त्यातला एक प्रयोग आम्ही एका कार्यक्रमात प्रत्यक्ष बघितला, आत्तापर्यंत बघितलेला सगळ्यात साधा आणि सगळ्यात लक्षात राहिलेला. मेणबत्ती अलगद विझवायची, वातीतून पांढरा धूर वर जातो, वातीला हात न लावता त्या धुराला वरूनच जळती काडी लावायची, ज्योत धुरावरून पळत खाली येते आणि वात पुन्हा पेटते. कारण तो धूर म्हणजे मेणाची वाफ थंड होऊन झालेले बारीक कण, जळणारं मेणच ते. म्हणजे मेणबत्तीत जळते ती वाफ, वात ते वितळलेलं मेण वर ओढून पुरवते. आई म्हणाली इतक्या वर्षांत किती मेणबत्त्या विझवल्या पण हे कधी बघितलं नाही. घरी येऊन आम्ही पाच-सहा वेळा केला, हवा स्थिर असेल तर हमखास होतो (पंखा बंद करा आणि मोठं माणूस जवळ असू द्या).

याच्या उलट द्रव नायट्रोजनचे शो. उणे १९६ अंश, ढगासारखा धूर, फुल बुडवून टेबलावर आपटलं की काचेसारखं फुटतं, मुलं किंचाळतात, मजा येते यात शंका नाही. पण मी असे चार शो बघितले आणि तो पांढरा ढग नक्की कशाचा हे फक्त एकीने सांगितलं, की नायट्रोजन वायू दिसतच नाही, तुम्हाला दिसतंय ते हवेतलं बाष्प गारठून झालेलं धुकं. बाकी तिघांकडे पाहून आलेली मुलं नायट्रोजन पांढरा असतो असं समजून घरी गेली असणार. पाच मिनिटं कमी आपटा आणि एक प्रश्न जास्त घ्या, कोणीतरी मूल नक्की विचारतंच की हा धूर कसला.

दुर्बिणीच्या रात्री मात्र मी पाचपैकी पाच देईन. एकदा एका वॉलंटिअर मुलीने दुर्बीण गुरूवर लावली, आईने डोळा लावला आणि म्हणाली "दिसला, दिसला... गेला." मुलीने पुन्हा लावून दिली, पुन्हा गेला. आईला वाटलं आपला धक्का लागतोय, ती ओशाळून मागे सरकली. तर ती मुलगी म्हणाली, मावशी तुम्ही काही केलं नाही, आता हात अजिबात लावू नका, नुसतं बघा. तिने सांगितलं की या दुर्बिणीला मोटर नाही, आत्ता आकाशाचा अर्धा अंशच दिसतोय, पूर्ण चंद्र जेमतेम मावेल एवढा, आणि पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे अर्धा अंश फिरायला दोन मिनिटं. गुरू एका कडेने आत येईल आणि दोन मिनिटांत दुसऱ्या कडेने बाहेर जाईल. आई पूर्ण दोन मिनिटं वाकून बघत राहिली, पाठीमागे रांग होती पण कोणी काही बोललं नाही. उठली आणि म्हणाली, "म्हणजे हे आत्ता आपण फिरलो." पृथ्वी फिरते हे तिला शाळेपासून माहीत होतं, तरी ती घरी येईपर्यंत तेच बोलत होती.

हे त्या मुलीने केलं ते मला नंतर कळलं की फ्रेंच शास्त्रज्ञ लिऑन फूकोने १८५१ मध्ये पॅरिसला केलं होतं, तिथल्या पॅन्थिऑन नावाच्या इमारतीच्या घुमटातून ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा लटकवून. गोळा झुलतो, झुलायची दिशा हळूहळू वळताना दिसते, पॅरिसच्या अक्षांशावर पूर्ण फेरीला सुमारे ३२ तास. लोक गर्दी करून बघायला गेले. तोपर्यंत पृथ्वी फिरते यावर शिकलेल्या कोणाची शंका उरली नव्हती, तरी गेले, कारण डोळ्यासमोर खोलीत घडताना बघणं ही गोष्टच वेगळी आहे. म्हणून आयोजकांना माझं सांगणं आहे की महागड्या मोटरवाल्या दुर्बिणी जरूर ठेवा पण एक बिनमोटरची पण ठेवा.

अजून एक प्रकार कमी लोकांना माहितीये, तो म्हणजे चालत करायची सूर्यमाला. आम्ही केली त्यात सूर्य म्हणजे फुटबॉल, २२ सेंटीमीटर. तिथून २४ मीटर चालल्यावर पृथ्वी, दोन मिलिमीटरचा मणी. गुरू १२३ मीटरवर, नेपच्यून ७०० मीटरच्या पुढे, तिथपर्यंत चालताना लहान मुलं कंटाळून बसली आणि घेऊन जाणारे म्हणाले बरोबर आहे, कंटाळा यायलाच पाहिजे, मधे काहीच नाही ना. पृथ्वीच्या मण्यापासून चंद्र ६ सेंटीमीटरवर, माणूस आत्तापर्यंत जास्तीत जास्त गेलाय तो साधारण तेवढाच, चार बोटंसुद्धा लांब नाही. आणि सगळ्यात जवळचा दुसरा तारा याच मापाने ६,३०० किलोमीटरवर. मग त्यांनी आम्हाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंत प्रकाशाच्या वेगाने चालायला लावलं, या मापात तो वेग सेकंदाला पाच सेंटीमीटरसुद्धा भरत नाही, म्हणजे अक्षरशः पाऊल सरकवत सरकवत ८ मिनिटं २० सेकंद. प्रकाश इतका वेगवान म्हणून ऐकत आलेली मी त्या दिवशी इतकी हळू चालले की पाय दुखले. कधी जवळपास असा कार्यक्रम दिसला तर सोडू नका, पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह एका ओळीत चिकटून असतात ते चित्र कायमचं पुसलं जातं. यात प्रश्नांसाठी वेगळा वेळ लागतच नाही, चालता चालता सगळे विचारत असतात.

प्रश्नांवरून आठवलं, मी ऐकलेला सगळ्यात भारी प्रश्न एका सहावी-सातवीतल्या मुलाचा होता. गुरुत्वाकर्षण समजावायला ताणलेलं रबरी कापड घेतात, मधे जड गोळा ठेवतात, कापड दबतं, मग गोट्या सोडल्या की त्या गोळ्याभोवती फिरतात, म्हणजे ताऱ्याने अवकाश असं वाकवलंय. सगळे वा वा करत होते. हा मुलगा उठला आणि म्हणाला, "पण सर, गोळा खाली दबला तो गुरुत्वाकर्षणानेच ना? मग गुरुत्वाकर्षण समजावायला गुरुत्वाकर्षणच कसं वापरलं?" वक्ते दोन सेकंद थांबले. मग म्हणाले तू बरोबर पकडलंस, ही उपमा इथे तुटते. खऱ्या अवकाशाला खाली ओढणारं बाहेरून कोणी नाही, आणि शिवाय मी फक्त जागा वाकलेली दाखवतोय, आइन्स्टाइनच्या सिद्धांतात काळसुद्धा वाकतो, आणि दगड खाली पडतो त्यात मोठा वाटा काळाच्या वाकण्याचा आहे, तो या कापडावर दाखवताच येत नाही. पूर्ण तासाच्या व्याख्यानात जे कळलं नव्हतं ते त्या दोन मिनिटांत कळलं, निदान कुठे थांबायचं ते कळलं. त्या मुलाला माइक मिळाला नसता तर?

आता उलट अनुभव. एका नामांकित ठिकाणी एका काकांनी अगदी साधा प्रश्न विचारला, दिवसा चंद्र दिसतो तो कसा काय, आणि वक्ते म्हणाले हे तर शाळेतलं आहे, घरी जाऊन शोधा. हॉल हसला. ते काका नंतर मान खाली घालून बसले होते आणि त्यानंतर प्रश्नच आले नाहीत, सूत्रसंचालक विचारत होते कोणाला काही विचारायचंय का आणि सगळे गप्प. उत्तर द्यायला किती वेळ लागला असता? चंद्र महिनाभरात सूर्यापासून वेगवेगळ्या कोनात असतो, त्यामुळे बऱ्याच दिवशी तो सूर्यासोबतच क्षितिजाच्या वर असतो आणि आकाशाच्या उजेडातही दिसण्याइतका तेजस्वी असतो, फक्त आपण वर बघत नाही. झालं. एवढ्या तीन ओळींसाठी एका माणसाला परत न येण्याचं कारण दिलं. मला ते अजून खुपतंय.

आणि बायका कमी विचारतात हे मी स्वतः बघतेय, हॉलमध्ये निम्म्या बायका असतात आणि माइक फिरतो पुरुषांच्यात. २०१८ मध्ये एक अभ्यास आला होता, १० देशांतल्या जवळपास २५० सेमिनारमध्ये कोण प्रश्न विचारतं ते मोजलं, तर पुरुष अडीच पट जास्त विचारत होते असं दिसलं. ते विद्यापीठातले सेमिनार होते, जाहीर व्याख्यानं नव्हेत, तरी त्यातली एक गोष्ट आयोजकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे, पहिला प्रश्न बाईने विचारला असेल आणि एकूण प्रश्न जास्त घेतले असतील तिथे ही दरी कमी दिसली. म्हणजे दोनच प्रश्न घेऊ म्हटलं की ते दोन कोणाचे असणार हे जवळपास ठरलेलंच असतं.

यावर लोकांनी उपाय काढलेले आहेत, असं नाही की काढले नाहीत. इंग्लंडमध्ये लीड्सला डंकन डॅलस यांनी १९९८ मध्ये कॅफे सायंटिफिक सुरू केलं, कल्पना फ्रान्समधल्या तत्त्वज्ञानाच्या कॅफेंवरून घेतली. वक्ता वीसेक मिनिटं बोलणार, शक्यतो स्लाइड नाहीत, मग सगळ्यांना उठायची, आपापसात बोलायची सुट्टी, आणि उरलेला पूर्ण वेळ प्रश्न. मधली सुट्टी हीच त्यातली खरी गंमत आहे, शेजारच्याशी बोलता बोलता प्रश्न तयार होतो आणि मग विचारायचं धाडस येतं. मी अशा धर्तीच्या तीन कार्यक्रमांना गेलेय आणि तिन्ही वेळा आईने प्रश्न विचारला! पिंट ऑफ सायन्सची सुरुवात मला अजून आवडते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या प्रवीण पॉल आणि मायकेल मॉट्स्किन या दोघांनी २०१२ मध्ये पार्किन्सन्स, अल्झायमर्स अशा आजारांच्या पेशंटना, त्यांच्या घरच्यांना आपल्या लॅबमध्ये बोलावलं, काय संशोधन चाललंय ते दाखवायला. त्यातून पुढच्याच वर्षी संशोधकांनीच लोकांच्यात जाऊन बोलायचा उत्सव सुरू झाला. पेशंटने संशोधकाला समोरासमोर विचारायचं, याच्यापेक्षा चांगलं प्रश्नोत्तर कुठलं असणार.

तीन मिनिटांत संशोधन सांगायच्या स्पर्धा असतात त्या बघायला मस्त, एकामागून एक दहा विषय कळतात, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये थ्री मिनिट थीसिस सुरू केलं, एकच स्लाइड आणि तीन मिनिटं. पण लोकांचे प्रश्न नाहीत म्हणून माझे तीनच स्टार.

ऑनलाइन लाइव्ह बघायचं का? ज्यांना जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी उत्तम, थांबवून परत ऐकता येतं, सबटायटल असली तर आईसारख्या कमी ऐकू येणाऱ्यांना फारच उपयोग. लाजाळू माणूस टाइप करून विचारतो हाही फायदा. फक्त हॉलमधल्या माणसाने विचारलेला प्रश्न माइकशिवाय ऐकूच येत नाही आणि मग वक्ते "हो, अगदी बरोबर" म्हणतात तेव्हा नक्की काय बरोबर हे आपल्याला कळत नाही. हॉलमध्येही तेच होतं. वक्त्यांनी प्रत्येक प्रश्न उत्तर द्यायच्या आधी मोठ्याने पुन्हा म्हणावा, एवढी एक सवय लावली तरी मागच्या पाच रांगा जाग्या राहतील.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी विषय बघून घाबरू नका, वक्त्याचं नाव किती मोठं यापेक्षा कार्यक्रमपत्रिकेत प्रश्नोत्तरांना किती वेळ लिहिलाय ते बघा, लिहिलाच नसेल तर आयोजकांना आधी फोन करून विचारा, मी विचारते. पुढच्या तीन रांगांत बसा. प्रश्न सुचला की लगेच कागदावर लिहा, शेवटी आठवत नाही आणि वाचून विचारला की अडखळत नाही. प्रश्नाच्या वेळी हात पहिल्या सेकंदाला वर करा. आणि नाहीच मिळाला माइक तर जिन्यात थांबा, बहुतेक शास्त्रज्ञ थांबतात, हा माझा अनुभव आहे, चाळीसातले दोघं-तिघं सोडले तर प्रत्येकजण थांबलाय, एक जण तर हॉलचे दिवे बंद झाल्यावर मोबाइलच्या उजेडात चित्र काढून समजावत होते.

एकूण रेटिंग पाचपैकी चार. कापलेला एक स्टार प्रश्नांच्या वेळेचा, तो मी आनंदाने परत देईन.

पुढचं व्याख्यान ज्वालामुखींवर आहे. मी फोन केला होता, पन्नास मिनिटं बोलणं आणि चाळीस मिनिटं प्रश्न असं त्यांनी सांगितलं. आईची चिठ्ठी आत्ताच तयार आहे, चष्म्याच्या डबीत ठेवलीय: "लाव्हा इतका तापलेला असतो की दगड वितळतो, मग तो ज्या दगडातून वाट काढत वर येतो तो दगड का वितळून जात नाही?"